आईची सवत

रामाकोन्यास आमच्या घरामागे चिंचेचे एक जुने झाड आहे आणि त्या झाडाखाली तेरा वर्षे एक मालमोटार उभी होती. टाटांची चारशेसात, १९८८ सालची. पावसाळ्यात तिच्या हौद्यात पाणी साचे, उन्हाळ्यात चिंचेचा पाला साचे, आणि कोंबड्यांनी तर चालकाच्या बैठकीवर आपला वंशविस्तारही केला होता. भंगारवाला दर दिवाळीच्या आधी येई, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घाली, पत्रा बोटाने वाजवून पाही आणि मागील वर्षापेक्षा थोडा अधिक भाव सांगून जाई. 'पुढच्या वर्षी बघू' असे आम्ही म्हणत असू. आई मात्र काहीच बोलत नसे. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ आम्ही आमच्या परीने लावला होता, आणि तो साफ चुकीचा होता. त्या चुकीचीच ही हकीकत आहे.

येथे 'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही पती-पत्नी, उभयतांचे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेले आणि आता उभयता निवृत्त. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची जन्मदात्री व दुसरीची सासू. पण चाळीस वर्षांच्या सहवासाने हा भेद आता घरात कोणाच्या लक्षातही राहिलेला नाही.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कन्हान नदीच्या काठचे आमचे गाव नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, सौसरच्या पुढे आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. नागपूर ही तोवर आमची राजधानी होती. ती एका रात्रीत परराज्यातील बाजारपेठ झाली. कागदोपत्री आम्ही हिंदी शिकलो, पण ओवी, उखाणा आणि भांडण ही तीनही मराठीतच राहिली. २०२३ साली सौसर व पांढुर्णा हे तालुके मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा आमचा पत्ता पुन्हा एकदा बदलला. बदलली नाही ती संत्र्याची बाग. मृग बहार व अंबिया बहार या दोन शब्दांवर आमच्याकडील लग्ने ठरतात, कर्जे फिटतात आणि मोडतातही.

बाबांनी चारशेसात घेतली ती अशाच एका चांगल्या मृग बहारानंतर, बँकेचे कर्ज काढून. टाटांनी हे हलके वाहन १९८६ मध्ये बाजारात आणले होते. मोठ्या ट्रकला जे बागेचे रस्ते सोसत नसत, त्या पांदणीत ही सहज शिरे. चार सिलिंडरचे, सुमारे तीन लिटरचे डिझेल इंजिन, मागे जोडचाके, आणि कॅबिनमध्ये चालकासह तिघांना पुरेल एवढी जागा. बाबा स्वतःच चालक होते. तणसात बसविलेली संत्र्यांची खोकी घेऊन ते रात्री निघत. पहाटे नागपूरचे संत्रा मार्केट, पुढे पुढे कळमना, कधी जबलपूर, कधी भोपाळ. हंगामात महिन्यातील वीस रात्री त्यांची झोप कॅबिनमध्येच होई. २००९ साली त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली, गाडी चिंचेखाली उभी राहिली. २०१२ साली बाबाही गेले.

असो. मूळ गोष्ट सुरू होते ती आईच्या गुडघ्यांपासून.

महामारीची दोन वर्षे घरात काढल्यावर, २०२२ च्या आरंभी एके दिवशी तुळशीपाशी बसून आई म्हणाली, "एकडाव बरमानले नर्मदेत पाय बुडवाचे होते बाप्पा. राहूनच गेलं." एवढेच म्हणाली आणि उठून आत गेली. नरसिंहपूर जिल्ह्यातील बरमान घाट आमच्यापासून काही फार दूर नाही. संक्रांतीला तेथे मोठी जत्रा भरते. पण आईचे वय तेव्हा एकोणऐंशी. गुडघे वाकत नाहीत, उकिडवे बसता येत नाही, आणि दर दोन तासांनी उठावे लागते. आमच्या गावावरून पूर्वी नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी जात असे. तिने आई माहेरी जाई. ती गाडी २०१५ च्या अखेरीस रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद झाली. आता मोठी गाडी धावते, पण फलाटावरून डब्यात चढणे हेच आईला गड चढण्यासारखे. मोटारीने न्यावे तर वाटेत सोय कोठे? म्हातारपणी माणूस यात्रा सोडतो तो देवावरची श्रद्धा उणावली म्हणून नव्हे. वाटेत बसायला जागा नाही म्हणून सोडतो. ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही, आणि स्त्रिया तर मुळीच नाहीत.

याच सुमारास आमच्या वाचनात अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या प्रवासाची हकीकत आली. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, या गृहस्थांनी एका छोट्या मालमोटारीच्या हौद्यावर खोलीसारखे घर बसवून घेतले, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्या वाहनाचे नाव 'रोसिनांते' ठेवले, आणि चार्ली नावाच्या आपल्या कुत्र्यास बरोबर घेऊन सारा देश पालथा घातला. ते वाहन आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे त्यांच्या स्मारक-संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, एडिसन, हेन्री फोर्ड, फायरस्टोन व निसर्गलेखक बरोज ही मंडळी मोटारी घेऊन रानावनात मुक्कामास जात आणि त्यांच्या ताफ्यात स्वयंपाकासाठी खास सजविलेली मालमोटारही असे. पुढे त्या देशात हौद्यावर ठेवण्याची व उतरविण्याची अशी तयार घरेच मिळू लागली; आज तेथील हौशी लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ती घरे शोधून काढतात, कुजलेले लाकूड बदलतात, गळके छत नीट करतात आणि त्यांतून हिंडतात.

परंतु वाचकहो, हे सारे परदेशी नवल म्हणून वाचताना आम्हांस जाणवले की, यात आपल्याला अनोळखी असे फारसे काही नाही. पंढरीच्या वारीत प्रत्येक दिंडीमागे एक ट्रक चालतो. त्यात तंबू असतात, भांडी असतात, धान्याची पोती असतात. तमाशाचे फड याच रीतीने गावोगाव फिरले. तंबूतला सिनेमा दाखविणारी मंडळी जत्रेमागून जत्रा गाठत आपल्या जुन्या ट्रकमध्येच यंत्र ठेवीत, तेथेच शिजवीत आणि तेथेच निजत. आमच्या बाबांनी बावीस वर्षे दुसरे काय केले होते? मग आमच्या मनात आले की, घरामागे गाडी आहे, घरात यात्रेची इच्छा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये फक्त गंज आहे.

आम्ही मोठ्या उत्साहाने हा बेत आईला सांगितला. बाबांची गाडी पुन्हा रस्त्यावर येणार, तिच्यातून तू नर्मदेला जाणार! ती हरखून जाईल अशी आमची खात्री होती. आईने हातातील सूप खाली ठेवले.

"त्या गाडीचं नाव काढू नोका माह्यापुढं," ती म्हणाली. "सवत होती ते माही. अर्धं आयुष्य खाल्लं तिनं माहं. भंगारात द्या अन् मोकळे व्हा."

तेरा वर्षांचे मौन म्हणजे माया असे आम्ही समजत होतो. ते मौन हा राग होता. धाकट्या बंधूंचा नागपूरहून दूरध्वनी आला तेव्हा त्यांनीही हेच सांगितले, फक्त हिशेबाच्या भाषेत. भंगारवाला सत्तर हजार देतो. दुरुस्तीस त्याच्या तिप्पट जातील. तेवढ्यात वर्षभर भाड्याच्या मोटारी होतील. त्यांच्या म्हणण्यात चूक अशी काही नव्हती. आम्ही आठ दिवस घरात एकमेकांशीही जपून बोलत होतो. अखेर एक तोड निघाली: गाडी दुरुस्त करावी, आई तीत बसली नाही तर विकून टाकावी. चालती गाडी भंगारापेक्षा चांगली किंमत आणील. बंधूंना हे पटले. आईने 'तुमचा पैसा, तुमचं डोस्कं' एवढेच उत्तर दिले.

सौसरचे एक वृद्ध मिस्त्री बाबांच्या वेळेपासून ही गाडी ओळखत. त्यांनी झाकण उघडले, आतील उंदराचे घरटे काढून बाजूस ठेवले आणि मोठ्या पान्याने इंजिन फिरवून पाहिले. इंजिन जागचे हलेना. पिस्टन सिलिंडरांत जखडून बसले होते. त्यांनी नोझल काढून त्या भोकांतून सिलिंडरांत डिझेल ओतले आणि आठ दिवस कोणी हात लावू नये अशी ताकीद दिली. नवव्या दिवशी पाना अर्धे बोट सरकला. मिस्त्रींनी कपाळाचा घाम पुसला आणि चहा मागितला. पुढे सारे इंजिन उतरविले. सिलिंडर नव्याने बोअर करावे लागले, पिस्टन व रिंगा बदलल्या, पंप व नोझल नागपुरास नेऊन तपासून आणले. टाकीच्या तळाशी बोटभर गंजाचा गाळ होता. रेडिएटर उकळून धुतला. पाटे उतरवून त्यांतील मोडके दोन पाटे बदलले. चारही चाकांचे ब्रेक नवे केले. या जातीची गाडी कारखान्यातून अजूनही निघते, त्यामुळे सुटे भाग मिळण्यास अडचण आली नाही. जुन्या वाहनांच्या बाबतीत हे भाग्य क्वचित लाभते.

आमच्यापैकी एकाने या सहा महिन्यांत ग्रीज कोठे भरतात हे शिकून घेतले, तर दुसरीने जुना रंग खरवडण्याचे काम अंगावर घेतले. दारावरील निळ्या रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा निळा असे बाबांच्या दिवाळ्यांचे थर निघत गेले. आई ओसरीवरून पाही, पण अंगणात उतरत नसे.

आता कायद्याविषयी थोडे, कारण हा मोह दुसऱ्या कोणासही होण्याचा संभव आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. पण ती प्रतिष्ठा पन्नास वर्षांवरील, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांनाच आहे. संत्री वाहून झिजलेल्या मालमोटारीस तो मान नाही. तिला दरवर्षी योग्यतेची परीक्षा द्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांसाठी त्या परीक्षेची फीही पुष्कळ वाढली. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमानुसार, नोंदणीत जे रूप लिहिले आहे ते परवानगीवाचून बदलता येत नाही. मालमोटारीचे घर करू गेल्यास ती मालमोटार राहत नाही.

यावर उपाय आम्हांस स्टाइनबेकच्या देशातील त्या जुन्या पद्धतीतच सापडला. घर गाडीला जोडायचेच नाही. ते हौद्यात ठेवायचे, माल ठेवतो तसे. गाडी मालमोटारच राहते, घर हा तिच्यावरील बोजा. रस्त्यावर असताना घरात कोणीही बसायचे नाही. तिघांनीही पुढे कॅबिनमध्येच बसायचे. मुक्कामी गाडी उभी केली की मग मागे जायचे. आमच्या एका वकील स्नेह्यांनी कागद पाहिले, विमेदाराशी पत्रव्यवहार केला, आणि मगच आम्ही सुताराला बोलाविले.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद. सागाची चौकट, आतून प्लायवूड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी ती खोली. एका अंगास आईची खाट, दुसऱ्या अंगास आमची, जी दिवसा घडी करून बाक होते. मध्ये शेगडी, पाच किलोचे सिलिंडर मात्र बाहेरच्या कप्प्यात, तळाशी हवेची जाळी ठेवून, कारण हा वायू जड असतो आणि गळल्यास खाली साचतो. छतावर एक सौर पट्टी, खाली बॅटरी. शंभर लिटर पाण्याची टाकी. आणि मागच्या कोपऱ्यात, पडद्याआड नव्हे तर पक्क्या दाराआड, कमोड. सुतार त्याला 'राजगादी' म्हणे. सारा प्रपंच खरे तर त्या एका कोपऱ्यासाठी होता.

सुताराने टाकी मागे व उंचावर बसविली होती. मिस्त्रींनी ती पाहताच काढावयास लावली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते उंचावर ठेवल्यास वळणावर गाडी झोकांडी खाते, आणि मागच्या आसाच्याही मागे ठेवल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणू सैल पडते. जड ते खाली व पुढे, हलके ते वर व मागे, हा त्यांचा दंडक. सर्व सामानासह घर वजनकाट्यावर चढविले तेव्हा आठशे चाळीस किलो भरले. संत्र्यांची खोकी याच्या दुप्पट असत.

शिडीच्या बाबतीत मात्र आम्ही सपशेल हरलो. हौदा जमिनीपासून जवळजवळ कंबरेइतका उंच. आम्ही माळ्याची असते तशी सरळ शिडी लावली आणि आईला दाखविण्यास बोलाविले. ती त्या दिवशी प्रथमच अंगणात उतरली. तिने शिडी पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "हे शिडी माणसासाठी केली का कावळ्यासाठी?" दुसऱ्या आठवड्यात रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंस कठडे असलेला घडीचा जिना तयार झाला. आई त्यावरून हळूहळू चढली, खाटेवर बसली, मागच्या कोपऱ्यातील दार उघडून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती एकच वाक्य बोलली, "हे त्याईले काहून नाही सुचलं?"

तो होकार आहे की तक्रार, हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

पहिली फेरी अगदी जवळची, सौसरजवळच्या जामसावळीस, निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनाची. ती निर्विघ्न पार पडली आणि आमच्या अंगात नको तेवढा आत्मविश्वास संचारला. दुसऱ्या फेरीत आईस घरी ठेवून आम्ही उभयता सिल्लेवानीचा घाट चढून गेलो. गाडीची परीक्षा घ्यावी असा हेतू. चढताना गाडीने पाणी दोनदा तापविले, पण वर पोचली. फजिती झाली ती उतरताना. आम्ही वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. तिसऱ्या वळणापाशी जळका वास आला, ब्रेक मऊ पडला, आणि त्याच वेळी मागून घर सरकल्याचा धप्प आवाज झाला. हँडब्रेक, गिअर आणि डोंगराच्या अंगाची मातीची कड, या तिघांनी मिळून आम्हांस थांबविले. हात इतके कापत होते की दार उघडेना. मागे जाऊन पाहिले तो घर चार बोटे डावीकडे सरकलेले.

मिस्त्री त्या दिवशी आमच्यावर रागावले, आणि रागावण्याचा त्यांना अधिकार होता. ब्रेकचे लायनर तापले की त्यांची पकड सुटते. म्हणून घाटात गाडी इंजिनाने धरायची असते, ब्रेकने नव्हे. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा बाबांचा पाठ आम्ही लहानपणापासून ऐकला होता. पण ऐकणे निराळे आणि पायात उतरणे निराळे. घर सरकले त्याचे कारण साखळ्या. नवे लाकूड पहिल्या काही कोसांत बसते, साखळ्या ढिल्या होतात. त्या वाटेत थांबून पुन्हा आवळाव्या लागतात. घराखाली रबराची जाड चटई घातली, चारही कोपऱ्यांस आवळण्याचे नवे पेच बसविले. तरीही दोन महिने आम्ही गाडी बाहेर काढली नाही. ज्या गाडीत आईला बसवायचे, तिच्यात आपणच तिच्या जिवाला घोर लावू, ही भीती रात्री झोप येऊ देत नव्हती. हा बेत आईसाठी आहे की आमच्या हौसेसाठी, असा प्रश्न आम्ही एकमेकांस विचारला. उत्तर दोघांनाही नीटसे देता आले नाही.

शेवटी आईनेच विषय काढला. "तुमी भेलेत का?" ती म्हणाली. "भ्या लागलंच पाहिजे. तुमच्या बाबाले दर फेरीले लागे. भ्या लागे म्हणून तर बावीस वर्षं घरी आले."

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही निघालो. आमच्यापैकी एक सुकाणूशी, दुसरी मध्ये, आणि आई खिडकीशी. छिंदवाडा, अमरवाडा, हर्रई अशी मजल दरमजल. दर दहा कोसांवर थांबून साखळ्या पाहायच्या, चाकांना हात लावून ऊब पाहायची, आणि आईने मागे जाऊन यायचे. दोन तासांचा रस्ता आम्हांस चार तास पुरे. पण घाई कोणाला होती? हर्रईच्या पुढे सागाच्या रानाशेजारी, एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्या खळ्यात रात्रीचा मुक्काम केला. आईने पिठले केले. शेतकऱ्याची बायको पाहण्यास आली, आईने तिला जिन्यावरून हात देऊन वर घेतले आणि सारे घर दाखविले. कोपऱ्यातील दार तर दोनदा उघडून दाखविले. त्या दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती, पण त्या दाराचे महत्त्व पूर्ण कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरमानला पोचलो. घाटाच्या पायऱ्या आईला उतरवेनात. एका नावाड्याने वाळूच्या अंगाने वाट दाखविली आणि आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून नेले. नर्मदेचे पाणी तिच्या घोट्यांपर्यंत आले. ती काही बोलली नाही, हात जोडून उभी राहिली. मग वाकता येत नसल्याने आम्हांस ओंजळभर पाणी वर द्यावयास सांगितले आणि ते डोळ्यांना लावले.

त्या रात्री आम्हांस जाग आली तेव्हा आईची खाट रिकामी होती. घाबरून बाहेर आलो. ती पुढे कॅबिनमध्ये, चालकाच्या शेजारच्या जागेवर, शाल पांघरून बसली होती. आम्ही काही विचारण्याआधीच ती बोलू लागली.

एका वर्षी संत्र्याचा भाव पार पडला होता. बाबा नागपुरास माल घेऊन गेले; हमाली व डिझेल यांचीही भरपाई होईना, तेव्हा त्यांनी सारी खोकी रस्त्याच्या कडेला रिती केली आणि परत आले. पण घरात आले नाहीत. गाडी चिंचेखाली लावून कॅबिनमध्येच बसून राहिले. आई तांब्याभर पाणी घेऊन गेली. त्यांनी तोंड फिरविले होते. घरात दाणा नव्हता, मुलाची फी थकली होती, आणि हा माणूस गाडीतून उतरत नाही याचा तिला संताप आला. तिने तांब्या पायरीवर ठेवला आणि ती आत निघून आली. सकाळी उठून पाहते तो पाणी तसेच, आणि बाबा पुन्हा बागेत गेलेले. त्या रात्रीविषयी दोघेही पुढे कधी बोलले नाहीत.

"त्या दिशी बसाले पाहिजे होतं मी," आई म्हणाली. "नुसतं बाजूले येऊन बसाले पाहिजे होतं. हे जागा रिकामीच होती."

तो मुलगा, ज्याची फी थकली होती, आमच्यापैकीच एक होता. त्याला ती रात्र आठवत नव्हती. आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो. नदीवरून गार वारा येत होता, पैलतीरी कोणाची तरी शेकोटी पेटलेली दिसत होती. आईने आम्हांस आत जाऊन झोपण्यास सांगितले, आणि आम्ही गेलो नाही.

परतीच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट आम्ही ज्या गिअरने चढलो होतो त्याच गिअरने उतरलो. मागून येणाऱ्या मोटारी भोंगे वाजवीत होत्या. आई खिडकीतून हात दाखवून त्यांना पुढे जाण्यास सांगत होती. वळणे संपून खाली आमचा मुलूख, संत्र्यांच्या बागा दिसू लागल्या तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

हिशेबासाठी बंधूंना कळविले ते येथेही सांगतो. गाडी व घर मिळून दोन लाख साठ हजार लागले. म्हणजे त्यांचा अंदाज थोडा कमीच पडला होता. त्यांनी पत्रातून एवढेच विचारले की, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन आले तर गाडीत निजता येईल काय.

उन्हाळा सोडून आता पावसाळा तोंडावर येतो, तेव्हा घर उतरवून चार पायांवर चिंचेखाली ठेवतो आणि त्यावर ताडपत्री घालतो. भंगारवाला यंदाही आला होता. त्याने नेहमीप्रमाणे प्रदक्षिणा घातली, पत्रा वाजवून पाहिला. ओसरीवरून आईने त्याला हाक मारून चहाला बसविले आणि पंढरपूर येथून किती कोस पडते, हे त्याला ठाऊक आहे का, असे विचारले.